राघूला कंठ फुटला

"आई, कुमुदला मी अंतर देणार नाही," प्रभाकर मोठ्याने म्हणाला आणि हात जोडून दोन पावलं मागे सरला.

कावळा चिंचेच्या फांदीवर चोच घासत बसून राहिला.

गाढी नदीच्या काठावर दहाव्याचा पिंड मांडून बराच वेळ झाला होता. ऊन चढलं होतं. गुरुजींना पुढे आणखी एक दहावं उरकायचं होतं, त्यामुळे त्यांचं लक्ष पिंडापेक्षा मनगटावरच्या घड्याळाकडे जास्त होतं. प्रभाकरचं सगळं कबूल करून झालं होतं. सत्यजीतला इंजिनिअर करीन, अनुयाचं लग्न थाटात लावीन, बाबांचं श्राद्ध चुकवणार नाही. कावळा ढिम्म. शेवटी शिरढोणचे कमळाकरदादा, प्रभाकरचे चुलतभाऊ, त्याच्या कानाशी लागले. "अरे, बहिणीचं बोल. बिनलग्नाची पोर मागे ठेवून गेलीय काकू. जीव तिच्यातच अडकणार ना!"

कुमुद बायकांबरोबर जरा लांब उभी होती. भावाचं वाक्य तिने ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. आई नऊ वर्षं अंथरुणावर होती. तिचं न्हाणं, भरवणं, शी-शूचं भांडं, कुशीवर वळवणं, पाठीला पावडर लावणं, सगळं कुमुदने केलं होतं. त्या नादात चाळिशी कधी उलटली ते तिलाही कळलं नाही. आता कावळा उडणार याविषयी तिच्या मनात शंका नव्हती.

"पुन्हा एकदा म्हण," कमळाकरदादा म्हणाले.

"आई, कुमुदला जन्मात अंतर देणार नाही!"

कावळ्याने मान वळवली आणि नदीकडे पाहिलं.

"दर्भाचा कावळा करू या का?" गुरुजींनी विचारलं.

तेवढ्यात शोभा, प्रभाकरची बायको, बायकांच्या घोळक्यातून म्हणाली, "अहो, राघूचं सांगून बघा ना. त्याच्याशिवाय घास उतरायचा नाही त्यांच्या घशाखाली."

कोणीतरी फिसकन हसलं. प्रभाकरने जरा ओशाळूनच हात जोडले. "आई, तुझ्या राघूला मी सांभाळीन. तो आहे तोवर त्याला काही कमी पडू देणार नाही."

कावळा झपकन खाली आला, पिंडाला चोच मारली आणि भाताचं ढेकूळ घेऊन उडाला.

आता त्या कावळ्याला तेव्हाच भूक लागली असेल, किंवा माणसं मागे सरल्यामुळे धीर आला असेल. पण दहाव्याच्या काठावर असले हिशेब कोणी करत नाही. सगळ्यांनी डोळे पुसले. "बघा, जीव कशात होता!" असं बायका एकमेकींना सांगू लागल्या. कमळाकरदादांनी प्रभाकरच्या पाठीवर थाप मारली. कुमुदकडे कोणीच पाहिलं नाही, आणि ते बरंच झालं. तिचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा नव्हता.

राघू आईचा लाडका होता हे खरं. तो पिल्लू असताना बाबांनी आणला होता आणि बाबा गेल्यावर तो आईच्या कॉटशेजारी टांगलेल्या पिंजऱ्यात राहिला. आपल्या ताटातला दूधभाताचा पहिला घास आई त्याला द्यायची. मग उरलेला घास, कुमुदच्या हातून, स्वतः खायची. आईला सगळ्यात मोठी हौस होती ती राघूच्या गळ्याभोवती काळा-गुलाबी पट्टा उमटलेला बघायची. "यंदा कंठ फुटेल हो माझ्या राघूला," असं ती दर दिवाळीला म्हणायची. कंठ काही फुटला नाही. एकदा करंजाड्याची भाजीवाली भामा दारात टोपली टेकवून म्हणाली, "आई, ही मादी हाय. हिला कंठ नाय फुटायचा. आमच्याकडं ढोलीढोलीत असतात, आमी रोज बघतो." आईने त्या दिवसापासून भामाची भाजी बंद केली. प्रभाकरला मात्र ती गोष्ट भारी आवडली. आलागेला माणूस दिसला की तो सांगायचा, "आमचा राघू म्हणजे बाई आहे, पण आईसमोर बोलायची सोय नाही."

राघूला एकच वाक्य येत होतं. आई कॉटवरून दिवसभर जे ओरडायची तेच. आधी घसा खाकरून दोनदा खोकायचं आणि मग ताणून हाक मारायची, "कुमेऽ, मेलीस का गं?"

आणि स्वयंपाकघरातून, न्हाणीघरातून, अंगणातून कुमुदचं ठरलेलं उत्तर यायचं, "आले, आले."

आई गेली, आवाज राहिला. तेराव्याला गोडाचं जेवण चालू असताना राघू खोकला आणि म्हणाला, "कुमेऽ, मेलीस का गं?" कुमुद हातातलं श्रीखंडाचं पातेलं घेऊन "आले" म्हणत उठली. पंगत पोट धरून हसली. हसता हसता काही बायका रडल्यासुद्धा, पण त्या आईच्या आठवणीने.

पुढच्या वर्षी प्रभाकरने जुनी जागा सोडली आणि नवीन पनवेलला फ्लॅट घेतला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पश्चिमेला गॅलरी. राघूचा पिंजरा गॅलरीत टांगला गेला. कुमुदची वळकटी स्वयंपाकघरात ओट्याखाली. घर दाखवायला आणलेल्या पाहुण्यांना शोभा सांगायची, "हा आमच्या सासूबाईंचा राघू. ह्यांनी शब्द दिलाय ना त्यांना. आणि ह्या कुमुदवन्सं, त्याचं सगळं ह्याच बघतात." त्यात तिने खोटं काहीच सांगितलं नव्हतं.

त्या सुमाराला कमळाकरदादांना अर्धांगाचा झटका आला. दादा विधुर, सून पुण्याला नोकरीला, मुलगा दिवसभर शेतावर. त्यांचा निरोप आला, कुमुदला पाठवून दे, तिचा हात आजारी माणसाला चांगला आहे. निरोप ऐकला तेव्हा कुमुद राघूची हरभऱ्याची डाळ निवडत होती. पुन्हा ते भांडं, तो वास, ते रात्री-अपरात्रीचं कण्हणं. या खेपेला तर बाप्या माणसाचं.

"तुला काय वाटतं?" प्रभाकरने विचारलं. बायकोला विचारलं.

"जाऊ दे की. पण मग पोपटाचं कोण करणार? मला तर तो चावतो," शोभा म्हणाली.

प्रभाकरने विचार केला. "आईला शब्द दिलाय. राघू आहे तोवर राहू दे हिला. मग बघू."

झालं. तेव्हा कुमुदला आपल्या घराचा खांब कोणता ते कळलं. हिरव्या पिसांचा, वीतभर लांबीचा, वाकड्या चोचीचा. तिला राघू आवडत नव्हता, कधीच आवडला नव्हता. पण राजाची सेवा व्हावी तशी ती त्याची सेवा करू लागली. सकाळी भिजलेली डाळ, दुपारी पेरूची फोड, एक लाल मिरची, डाळिंब मिळालं तर चार दाणे. मिठाचा कण नाही, तळलेलं नाही. वाटीतलं पाणी दिवसातून तीनदा बदलायचं. भामाशी तिने गुपचूप पुन्हा संधान बांधलं होतं. भामा तिच्यासाठी उरणच्या किनाऱ्यावरून समुद्रफेसाचा पांढरा तुकडा आणायची. राघू त्यावर चोच घासायचा आणि कुमुद त्याच्या चोचीकडे, डोळ्यांकडे, विष्ठेच्या रंगाकडे टक लावून बघत बसायची. इतकं निरखून तिने आईलाही पाहिलं नव्हतं.

मे महिन्यात शोभाच्या भाचीचं लग्न निघालं पुण्याला. सगळं घर गेलं. राघूसाठी कुमुद मागे राहिली. ती आली नाही म्हणून कोणाला चुकल्यासारखं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिलाही नाही. दुपारी एकटीपुरता आमटीभात करून ती जेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रभाकरच्या पलंगावर, पंखा पाचवर ठेवून, आडवी झाली.

डोळा लागतो न लागतो तोच गॅलरीतून आवाज आला. खोकला, खोकला, आणि मग, "कुमेऽ, मेलीस का गं?"

कुमुद उठली नाही.

राघूने पुन्हा हाक मारली. कुमुदने कूस बदलली. तिला एकदम हसू फुटलं. इतकी वर्षं त्या हाकेसरशी तिचे पाय आपोआप उचलले जात होते आणि आज ते उचलले जात नव्हते. किती सोपं होतं हे! "मेले," ती उशीत तोंड खुपसून म्हणाली. "मेले, जा." राघू ओरडत राहिला, तारस्वरात, पंख फडफडवत, आणि ती ऐकत राहिली. गाणं ऐकावं तशी. मग हाका थांबल्या आणि तिला गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा ऊन सरळ गॅलरीत आलं होतं. पश्चिमेचं ऊन. जुन्या घरी पिंजऱ्यावर आंब्याची सावली असायची. इथे ती रोज दोन वाजता पिंजरा आत घेत असे. पिंजऱ्याची सळई हाताला चटका देत होती. पाण्याची वाटी कलंडली होती. राघू तळाला पडला होता, चोच उघडी, पाय वर.

कुमुद रडली नाही. तिने गॅलरीचं दार लावलं आणि बराच वेळ भिंतीला टेकून उभी राहिली. तिला शिरढोणची ओसरी दिसत होती, आणि कॉट, आणि कॉटखालचं भांडं.

त्याच संध्याकाळी ती चपला घालून करंजाड्याला भामाच्या घरी गेली. भामाने सगळं ऐकून घेतलं.

"पिल्लू पायजे? माझ्या जावेच्या पोरानं परवाच ढोलीतनं काढलंय. पंख फुटलेत. पर ताई, कळंल की वो त्यांना!"

"कोण बघतंय गं?" कुमुद म्हणाली. "त्या घरात पोपटाला कोण बघतं, आणि मला तरी कोण बघतं?"

तिचं खरंच होतं. मंडळी परत आली, बॅगा उतरल्या, लग्नाच्या गप्पा झाल्या. कोणीतरी म्हणालं, राघू आखडल्यासारखा दिसतोय. "पिसं गळताहेत त्याची, शेपटीही गळलीय," कुमुद म्हणाली. "बोलत नाही तो?" "पिसं गळताना बोलत नाहीत." तेवढ्याने भागलं.

पण कायमचं भागणार नव्हतं. पोपट बोलला नाही तर आज ना उद्या कोणाच्या तरी डोक्यात किडा वळवळला असता. मग कुमुदने ठरवलं. सकाळी प्रभाकर आणि शोभा ऑफिसला, मुलं कॉलेजला गेली की ती पिंजरा स्वयंपाकघरात घ्यायची, त्यावर आईचं जुनं लुगडं टाकायची आणि समोर पाटावर बसायची. आधी दोनदा खोकायची. मग म्हणायची, "कुमेऽ, मेलीस का गं?"

पहिल्यांदा स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली. हुबेहूब आई. तो कुत्सित हेल, "मेलीस"वरचा जोर, शेवटचा ताणलेला "गं." तिच्या घशात तो सगळा तयारच होता. ती म्हणत गेली. पोळ्या लाटताना, भांडी घासताना, दिवसाकाठी शंभरदा. कुमे, मेलीस का गं? कुमे, मेलीस का गं? शेजारच्या सुमतीबाईंनी एकदा भिंतीपलीकडून ऐकलं आणि जिन्यात विचारलं, "कुमुदताई, तब्येत बरी आहे ना?"

"राघू हो," कुमुद म्हणाली. "दुसरं कोण?"

संक्रांतीच्या आसपास, शोभा तिळाच्या वड्या थापत असताना, गॅलरीतून खोकल्याचा आवाज आला. मग हाक. अडखळत, पण पुरती.

"बोलला बाई एकदाचा!" शोभाने कपाळाला हात लावला. "अगदी सासूबाईच."

कुमुदच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मेलीस का म्हणून कोणी विचारल्यावर इतका आनंद झालेली बाई दुसरी नसेल. "आले, आले," ती म्हणाली आणि पेरूची सगळ्यात गोड फोड घेऊन गॅलरीत धावली.

हा पोपट तिला आवडायला लागला. तो तिच्या खांद्यावर बसायचा, तिच्या ओठांतून शेंगदाणा घ्यायचा, तिच्या पांढऱ्या केसांतून चोच फिरवायचा. त्याला आई ठाऊकच नव्हती. त्याला फक्त कुमुद ठाऊक होती. शिव्या देताना तो लाडात मान वाकडी करायचा.

अशी दोन वर्षं सुखाने गेली. मग एका सकाळी पाणी बदलताना तिला त्याच्या चोचीखाली काळसर रेघ दिसली. तिने ओल्या फडक्याने पुसून पाहिली. रेघ गेली नाही. आठवड्याभरात ती गळ्याच्या दोन्ही बाजूंनी सरकू लागली आणि मानेमागे गुलाबी झाक आली.

आई ज्याची वाट बघत मेली तो कंठ फुटत होता.

कुमुदने पोपटाला फडक्यात धरलं, मांडीत दाबलं आणि एक काळं पीस उपटलं. तो किंचाळला. तिने दुसरं उपटलं. तिच्या हातावर विसंबून मान पुढे करणारा तो पक्षी आधी नुसता बघत राहिला, काही चूक होत असावी असं. मग त्याने तिचं बोट रक्त येईपर्यंत फोडलं. तिने बोट सोडवून घेतलं नाही. एकेक पीस काढून होईतो ती पुटपुटत होती, "थोडंच राहिलं, राजा. थोडंच."

पिसं पुन्हा आली. तिने पुन्हा उपटली. तिसऱ्या खेपेला तिला पाहून तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला आणि थरथरत, हळू आवाजात म्हणाला, "कुमेऽ, मेलीस का गं?" त्याला एवढंच येत होतं. तिने पिंजऱ्याचं दार लावून टाकलं. त्यानंतर तिने त्याला हात लावला नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी प्रभाकर गॅलरीच्या उजेडात दाढी करत होता. सत्यजीतचं लग्न ठरलं होतं, आणि नवीन सुनेला झोपायला जागा द्यायची कुठे यावर घरात रोज खल चालला होता. आरसा पुसताना त्याची नजर पिंजऱ्याकडे गेली. तो जवळ गेला. चष्मा लावून पुन्हा बघितलं.

"कुमुद," त्याने हाक मारली. "मादीला कंठ कसा फुटला?"

कुमुद दारात येऊन उभी राहिली. तिला खोटं बोलता आलं असतं. आईच्या पुण्याईने फुटला असं म्हणाली असती तर शोभाने कदाचित हळदकुंकूही वाहिलं असतं. पण ती फार दमली होती.

"आईचा राघू गेला," ती म्हणाली. "तुम्ही लग्नाला पुण्याला गेला होतात तेव्हा. उन्हाने."

प्रभाकर रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने गालावरचा फेस बोटाने निपटला आणि मनाशी काही जुळवल्यासारखं केलं.

"म्हणजे इतके दिवस मी उगाचच शब्द पाळतोय," तो म्हणाला. मग आत वळून म्हणाला, "शोभा, कमळाकरदादांना फोन लाव गं. म्हणावं, येतेय ती."

पुढच्या रविवारी कुमुदची पिशवी बांधून झाली. शोभाने तिला नवं लुगडं दिलं, डब्यात वड्या भरल्या. शोभा काही वाईट बाई नव्हती. कुमुद पिंजऱ्याच्या कडीला हात घालून म्हणाली, "हा माझ्याबरोबर येऊ दे."

"अहो, आजारी माणसाच्या घरात कुठे नेता? घाण होते," शोभा म्हणाली. "आणि अनुयाला सवय झालीय त्याची. बोलका पोपट काय कुठेही मिळतो?"

"बोलायला मी..." कुमुद म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "डाळ रात्री भिजवायची. मीठ अजिबात नको. दोन वाजता ऊन येतं, त्याच्या आधी आत घ्यायचा. विसरायचं नाही."

"हो, हो," शोभा म्हणाली. आत टीव्हीवर मालिका सुरू झाल्याचं संगीत वाजलं आणि ती गेली.

प्रभाकर खालपर्यंत आला. रिक्षावाल्याला त्याने शिरढोणचं घर समजावून सांगितलं, पिशवी आत ठेवली आणि "पोचल्यावर कळव," असं म्हणून जिना चढून गेला. कुमुद बसली. रिक्षावाल्याने इंजिन सुरू करायला दांडा ओढला.

वरच्या गॅलरीतून हाक आली. "कुमेऽ, मेलीस का गं?"

"आले, आले," कुमुद म्हणाली, आणि तिचा एक पाय रिक्षाबाहेर पडलासुद्धा.

"काय राहिलं का मावशी?" रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं.

तिने वर पाहिलं. गॅलरीत कोणी नव्हतं. पिंजरा तेवढा होता, आणि ऊन कठड्यापर्यंत आलं होतं. तिने पाय आत घेतला, नवं लुगडं घोट्यावर नीट केलं.

"नाही," ती म्हणाली. "चला."

रिक्षा वळेपर्यंत तो हाका मारत होता. तिने शिकवलं होतं तसंच, दर वेळी आधी दोनदा खोकून.